तीन दाखले

३, सोमवार

आजपासून 'एल'. 'के' संपवायला मला चौदा महिने लागले आणि त्यावर बाई फक्त "हं" म्हणाल्या. बाई म्हणजे आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या प्रधान संपादक. त्यांच्या "हं"चे चार अर्थ आहेत असं कचेरीत मानतात. चौथा कौतुकाचा आहे म्हणे. तो मी दहा वर्षांत ऐकलेला नाही.

आमच्याकडे माणसं अक्षरांनी ओळखली जातात. कालपर्यंत मी 'के' होतो, आता 'एल'. शेजारच्या टेबलावर 'एम-एन' बसतो. त्याला दोन अक्षरं दिलीत, त्याचा तोरा तो रोज मिरवतो.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. माझ्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थांनी 'लसिव्हियस' या विशेषणापुढे 'कामुक, लंपट, विषयासक्त' एवढं लिहून ठेवलंय. दाखला एकही नाही. बाईंनी कार्ड माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाल्या, "वासनेला मराठीत शब्द काय कमी आहेत? या शब्दातली वासना वेगळी कशी, ते सांगा. तो कुठून आला ते शोधा. आणि दाखले जिवंत आणा. पुस्तकातून पुस्तकात ओतू नका."

दाखल्यांचा नियम पहिल्या प्रधान संपादकांपासूनचा आहे. शब्दाचा कुठलाही अर्थ कोशात घ्यायचा तर तीन दाखले हवेत, तिन्ही वेगळ्या माणसांचे, एकमेकांशी संबंध नसलेल्या. त्यातले दोन ऐकीव चालतात, तिसरा लेखी हवा. प्रत्येकाचं एक कार्ड. डावीकडे वर शब्द, मधोमध मजकूर, उजवीकडे तळाला कोणी, कुठे, कधी. दोन दाखले म्हणजे योगायोग. तीन झाले की अर्थ नोंदवावाच लागतो, मग तो संपादकाला आवडो न आवडो.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणजे बायको. लग्नाआधी ही आमच्याच कचेरीत कार्डं उतरवून काढायची. अक्षर असं की बघत राहावं, एक खाडाखोड नाही. आता बालवाडीत शिकवते. भाजी चिरता चिरता म्हणाली, "तिनाचा नियम अजून तोच आहे का?"

मी म्हटलं, तोच. नियम काय दर साली बदलतात?

४, मंगळवार

आज मजा आली. शब्दाचं मूळ सापडलं. लॅटिनमध्ये 'लॅसिव्हस' म्हणजे मुळात खेळकर, उनाड, बागडणारा. कोकरांना म्हणायचे, लहान मुलांना म्हणायचे, मन मानेल तशी पसरत जाणाऱ्या वेलीलासुद्धा म्हणायचे. वासनेचा अर्थ त्यालाच पुढे चिकटला आणि इंग्रजीत पोचेपर्यंत तेवढाच उरला. त्याहून गंमत म्हणजे आपल्या संस्कृतातला 'लस्' हा धातू त्याच्या भावकीतला असावा असं जाणकार मानतात. म्हणजे विलास त्याच घरातला, लालसा त्याच घरातली आणि आपला साधा उल्हासही. मी टेबलावर थाप मारली. 'एम-एन'ने दचकून शाई सांडली, तेही बरंच झालं.

चहाच्या वेळी हिला हे सगळं नीट समजावून सांगत होतो. तर ही म्हणते कशी, "अय्या, म्हणजे आमच्या बालवाडीत तेवीस लसिव्हियस पोरं आहेत की! आणि चोविसावी मी." आणि खो खो हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

माझी दहा वर्षांची मेहनत आणि हिची करमणूक. डोक्यात तिडीक गेली. कप भिंतीवर जाऊन फुटला. माझ्या हातात होता हे खरं आहे. एक कपची उडून हिच्या भुवईला लागली. आता कपची कुठल्या दिशेला उडेल हे काय मी ठरवतो?

हिने काचा गोळा केल्या. मी नंतर नोंद लिहायला बसलो. छान झाली.

५, बुधवार

साडेपाचला बसमधून येत होतो. चौकात बस थांबली, तिथे तळमजल्यावर दवाखाना आहे. अर्ध्या पडद्यावरून आतलं दिसतं. आत ही. डॉक्टरने हिची हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा दिव्याकडे केला होता. तरुण आहे. ही काहीतरी म्हणाली आणि हसली. तोही हसला, पण लगेच थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

बस सुटली. 

घरी विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, "दवाखान्यात. दोन टाके पडले."

"टाके घालताना हसतात का माणसं?"

"त्यांनी विचारलं, कसं लागलं. मी म्हटलं, कपाशी भांडण झालं माझं." मग हळूच म्हणाली, "तुम्हालाच सांभाळत होते हो मी."

मला सांभाळत होती! परक्या माणसाच्या हातात हनुवटी देऊन. मी केसांना धरलं. डोकं चौकटीला लागलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा जोरात, हे मी मान्य करतो. ही वही मी खोटं लिहायला ठेवलेली नाही.

ही न्हाणीघरात गेल्यावर टेबलाशी बसून कार्ड केलं. शब्द: लसिव्हियस. मजकूर: हसणं, हनुवटी. दवाखाना, साडेपाच. बाईंना जिवंत दाखले हवे होते.  कामाने माणूस ताळ्यावर येतो.

८, शनिवार

'लॅश' ते 'लॅच' उरकलं. चाबकापासून कडीपर्यंत. विशेष काही नाही.

९, रविवार

सकाळी मीच अंडी उकडली, पाव भाजला. ही उठून आली आणि मला चुलीपाशी बघून दारातच थांबली. मी म्हटलं, "अगं ये की, खातो का काय तुला?" बसली. कपाळावर सूज आहे, बाजूला पिवळी झालीय. दुपारी तिने केस पुढे घेऊन ती झाकली. चांगली दिसत होती.

मला वाईट वाटतं. हे कोणी विचारलं तर सांगणार नाही, पण इथे लिहितो. माझं हिच्यावर फार प्रेम आहे. सात वर्षांपूर्वी कार्डांच्या खोलीत ही एकटी बसायची आणि एखादं गमतीचं वाक्य आलं की मोठ्यांदा हसायची. ते हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं. मी काहीतरी चुकीचं लिहून मुद्दाम कार्ड पाठवायचो, फक्त ते ऐकायला. तेव्हा मला त्या हसण्यात काही वावगं ऐकू आलं नव्हतं.

आता हेच हसणं दुसऱ्या कोणी ऐकलेलं मला खपत नाही. हसणं बदललं की मी, ते मला ठरवता येत नाही. बहुतेक हसणंच बदललं असावं.

हिला म्हटलं, पुन्हा असं होणार नाही. ती म्हणाली, "बरं." ताटलीतलं अंडं तसंच होतं.

११, मंगळवार

दुसरा दाखला. चष्मा विसरलो म्हणून दुपारी बाराला घरी आलो. जिन्यात कोपऱ्यावरचा कुलूपवाला भेटला, पिशवी खांद्याला लावून खाली उतरत होता. पन्नाशीचा, डोक्यावर केस नाही, मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी. दर वेळी "काय साहेब" म्हणतो. आज म्हणाला नाही. माझ्याकडे असा बघत गेला की जणू माझंच माप घेतोय.

वर ही जमीन झाडत होती. लाकडाचा भुसा. तोंडावर हसू होतं, मला बघताच पुसलं गेलं.

"तो कशाला आला होता?"

"कडी सैल झाली होती."

"कुठली?"

मी घरभर फिरलो. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी बसवलीय, अंगठ्याएवढी जाड. आतून! स्वयंपाकघराला आतून कडी कशाला? दुधी पळून जाणार आहे का? मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, पण स्क्रूंची डोकी घासून सपाट केलेली. निघत नाहीत. म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं असणार, त्याशिवाय असला आडमुठेपणा कोण करतं?

दाराआड एकांत हवा असतो तो कुणाला, हे काय मला कळत नाही? मी हिला भिंतीशी धरलं आणि विचारत राहिलो. कितीदा विचारलं ते मोजलं नाही. गळ्याला धरलं होतं त्यामुळे तिला उत्तर देता येत नसणार, हे सोडल्यावर लक्षात आलं. थोडा वेळ ती जमिनीवर बसून खोकत होती. मी पाणी दिलं.

कचेरीत उशिरा पोचलो. चष्मा राहिलाच.

१३, गुरुवार

'एम-एन' मोठ्याने म्हणाला, "काय राव, अजून त्याच शब्दावर? फार रस घेताय!" टेबलं हसली. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला कपाटावर आदळलं. वरून कार्डांचे दोन खण खाली आले, 'एन' सगळा जमिनीवर. त्याच्या नाकातून रक्त आलं. खरं सांगायचं तर मला छान हलकं वाटलं.

बाईंनी खोलीत बोलावलं. ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी माझी नोंद पुढे केली. "व्युत्पत्ती चांगली लावलीत," म्हणाल्या. "मग पहिल्या अर्थावर काट का मारलीत? खेळकर, बागडणारा?"

"तो मेलाय. आता कोणी त्या अर्थाने वापरत नाही."

"मेला की मारला?" त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"एकदम ठीक."

"ती बरी आहे? तिचं अक्षर मी विसरले नाही. तिला सांगा, कधीही ये म्हणावं."

"हं," मी म्हणालो. त्यांचंच हत्यार. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची लोकांना भारी हौस.

हिला निरोप सांगितला नाही.

१५, शनिवार

हिच्या उजव्या हाताला प्लास्टर, मनगटापर्यंत. काल काय झालं ते काल सविस्तर लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. बालवाडीत ही दारात चेंगरलं म्हणून सांगणार आहे. सांगू दे.

एवढंच नोंदवतो की माझ्या टेबलाच्या खणात हात घालायचं हिला काही कारण नव्हतं. तिथे माझी दोन कार्डं होती. हिने वाचली असणार. वाचली तर वाचली. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कळलं तर माणूस सुधारतो.

आज दिवसभर ही माझ्याशी अगदी गोड वागली. डाव्या हाताने चहा केला. मला विचारलं, "त्या कार्डांवर शब्द आधी लिहायचा की दाखले आधी?" मी म्हटलं, नवशिके आधी शब्द लिहितात. जाणता माणूस दाखले जमवतो, आणि शब्दाची जागा शेवटपर्यंत कोरी ठेवतो.

"हो का," ती म्हणाली. कामात पुन्हा रस घेतेय, हे चांगलं लक्षण आहे.

१७, सोमवार

मागचं काही बघायला ही वही उघडली तर शुक्रवारचं पान नाही. शिवणीपाशी नुसती कड उरलीय. हल्लीची बांधणी ही अशी, पानं गळतात. पलंगाखाली बघितलं, टेबलाखाली बघितलं. हिला विचारलं, "एखादं पान पडलेलं दिसलं का गं?" म्हणाली, "केरात गेलं असेल."

रुखरुख लागली. बरं लिहिलं होतं मी त्या दिवशी.

तिसरा दाखला मिळाला की मी काय करणार आहे, हे अजून ठरवलेलं नाही. मिळणार याची मात्र खात्री आहे. 'लेट', 'लेथ', 'लॅटर' कसेबसे ढकलले. जेवताना हिच्याकडे बघत होतो. मानेवरच्या खुणा जांभळ्याच्या हिरव्या झाल्यात. गळ्याला रुमाल बांधते. त्याने तर जास्तच लक्ष जातं.

२०, गुरुवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

चारला घरी आलो, न सांगता. चपला काढताना चपलांच्या कपाटामागे हिची प्रवासाची पिशवी दिसली. भरलेली. स्वयंपाकघराचं दार बंद, आतून कडी. मी कान लावला. ही हलक्या आवाजात फोनवर बोलत होती. फोन बहुधा ओट्यावर ठेवला असावा, हात एकच चालतो ना. पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पुरुषाचा. "दार उघडू नका. मी आलोच."

तिसरा! माझ्या स्वतःच्या कानांनी. "आलोच" म्हणाला. कुलूपवाल्याचा आवाज मी शंभरांत ओळखेन.

मी हाक मारली. दाराला खांदा दिला. कडी हलली नाही, काम चोख केलंय हे मान्य करावं लागेल. मग स्टूल घेतलं. चौथ्या घावाला वरची फळी फुटली, सहाव्याला भोक पडलं. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. शब्द नव्हते ते. आत ही भिंतीला पाठ लावून उभी होती. डाव्या हातात किटली, वाफ येत होती. मला वाटलं, अशा वेळीसुद्धा हिला चहा सुचतो!

मी भोकातून हात आत घातला, कडी चाचपायला.

ती म्हणाली, "अहो, हात बाहेर काढा. मी पाणी ओतणार आहे."

हिने आधी सांगितलं होतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. माझा विश्वास बसला नाही. सात वर्षांत हिने मला उलट शब्द बोललेला नाही. बोटं कडीला लागली, आणि तिने ओतलं. कोपरापासून बोटांपर्यंत. हात मागे घेताना फुटक्या फळीने सालं काढली. मी जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढा ओरडलो असेन, कारण कुलूपवाला आणि वरच्या मजल्यावरचे दोघे धावत आले. बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं माझ्या हातून. कुलूपवाल्याने मला मागून कवेत धरलं आणि बाहेर पायरीवर बसवलं. मी लाथा घातल्या. तो म्हणाला, "साहेब, बसा. हाड मोडायला मला मिनिट लागणार नाही, पण ताईंनी नको म्हटलंय."

ताई!

ही पिशवी घेऊन माझ्या शेजारून खाली उतरली. पायरीवर जागा कमी होती. तिने साडीचा पदर सावरून घेतला, मला लागू नये म्हणून. एकदा थांबली. मला वाटलं, काही बोलेल. तिने वाकून माझी वर आलेली बाही बघितली आणि कुलूपवाल्याला म्हणाली, "यांना दवाखान्यात न्या. चौकातल्या. डॉक्टर चांगले आहेत."

त्याच डॉक्टरने पट्टी बांधली. जवळून बघितलं तर तेवढा तरुण नाही.

२१, शुक्रवार

बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. पोलीस म्हणतात ही वही त्यांच्याकडे द्यावी लागेल. मी दहा मिनिटं मागून घेतली.

सकाळी बाईंचा निरोप आला, अकराला या, कार्डं तपासायची आहेत. बरं वाटलं. म्हटलं, काम सुरू झालं की सगळं रुळावर येईल. आत गेलो तर बाईंच्या शेजारी ही बसलेली. गळ्याला रुमाल नव्हता. खिडकीपाशी एक पोलीस अधिकारी, टोपी मांडीवर. माझ्या पट्टीकडे बघून त्यांनी खुर्ची दिली.

बाई म्हणाल्या, "तीन कार्डं आलीत. तुमच्याएवढं कार्ड कोणाला कळत नाही. बघा जरा."

डाव्या हाताने लिहिलेली होती, मुलांसारखी मोठाली अक्षरं, पण मांडणी निर्दोष. शब्दाची जागा तिन्हीवर कोरी.

पहिलं: "डाव्या भुवईवर दोन टाके. कपाळावर चौकटीच्या कडेची खूण. गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे, उजवीकडे चार, डावीकडे एक. उजव्या हाताच्या तीन बोटांची हाडं मोडलेली." तळाला डॉक्टर, दवाखाना, चार वेगवेगळ्या तारखा आणि सही.

दुसरं: "ताईंनी आतून कडी मागितली. मी विचारलं, चोराची भीती आहे का? त्या म्हणाल्या, नाही हो, शब्दकोशाची. आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मी सगळ्यात जाड कडी लावली आणि स्क्रूंची डोकी घासून टाकली." तळाला कुलूपवाला, घरातच, ११ तारीख, दुपारी बारा. खाली त्याची वेडीवाकडी सही.

तिसऱ्या कार्डावर एक पान चिकटवलं होतं. अक्षर माझं. ओळखायला क्षणभर वेळ लागला, कारण बाईंच्या टेबलावर ते वेगळंच दिसत होतं.

"१४, शुक्रवार. संध्याकाळी आलो तर कार्डांचा खण उघडा, हिचा हात आत. म्हणाली, माझं जुनं अक्षर बघत होते. मी खण ढकलला. हिची बोटं आत आहेत हे मला दिसत होतं. ही किंचाळली. मी पुन्हा ढकलला, या वेळी गुडघ्याने, सगळा भार टाकून. मोडल्याचा आवाज आला तो लाकडाचा नव्हता. नंतर हात धुताना मनात आलं की आता ही कशी लिहील ते बघू. बरं वाटलं."

बाहेर 'एम-एन' खोकला तेवढं ऐकू आलं.

पोलीस म्हणाले, "हे सुटं पान आहे. वहीतून फाडलेलं. हे चालेल का?"

त्यांनी बाईंना विचारलं होतं. पण असल्या अडाणी प्रश्नाला मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "न चालायला काय झालं? स्वतः लिहिणाऱ्याच्या हातचं आहे. तारीख आहे. कोणाला दाखवायचं म्हणून लिहिलेलं नाही. याहून भक्कम लेखी दाखला मिळत नाही."

"आणि हे तिघं?" बाईंनी विचारलं. "एकमेकांशी संबंध नाही?"

"नाही."

"दोन ऐकीव, एक लेखी. मग तुम्हीच सांगा. पुरेत?"

"पुरेत," मी म्हणालो.

दहा वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, आणि मग पोलिसांचं पेन कागदावर चालताना ऐकलं. मागे घेता आलं असतं का? मी विचार केला. तीनही दाखले मनात पुन्हा तपासले. एकातही खोट नव्हती. काय मागे घेणार?

आता ही बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, तो 'एल'मधला शब्द. त्यातला बागडण्याचा अर्थ काढू नका. आमच्या पोरांना लागेल तो."

"ठेवते," बाई म्हणाल्या.

मग तिने तिन्ही कार्डं स्वतःपुढे ओढली. पेन डाव्या हातात धरलं, मुठीत, तिच्या बालवाडीतली मुलं धरतात तसं. मला वाटलं, आता ती शब्द लिहील. क्रूर लिहील, नराधम लिहील, मनात मी पर्यायसुद्धा काढले. सात वर्षांत तिने मला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. तिने प्रत्येक कार्डावर डावीकडे, वर, शब्दाच्या जागी, सावकाश माझं नाव लिहिलं. पहिलं नाव, मग आडनाव. तीन वेळा.

बाईंनी कार्डं माझ्याकडे सरकवली. मी वाचून बघितलं. बरोबर होतं.